एक्स-रेपर्यंतचा किस्सा

९ नोव्हेंबर, रविवार. सकाळी ७.१०

नवी वही. नवं पेन. आजपासून रोज लिहायचं. (मागच्या वहीत तीन पानं भरली आहेत. त्यातल्या एकावर नातीने लहानपणी काढलेलं मांजर आहे.)

आनंदाची बातमी. माझ्या जुन्या प्रसूती विभागाचं निमंत्रण आलं. शनिवारी, २२ तारखेला, नव्या रेसिडेंट मुलामुलींचं स्वागत. ज्येष्ठ डॉक्टर म्हणून मी दहा मिनिटं बोलायचं. विषय : रेसिडेन्सीचे कष्ट आणि समाधान. नात सध्या तिथेच पहिल्या वर्षाला आहे, पण निमंत्रण निव्वळ माझ्या अनुभवाकडे पाहून आलेलं आहे. ही म्हणाली, आधी ठरलेला वक्ता आजारी पडला असेल.

भाषण उद्या लिहून टाकतो. दोन तासांचं काम.

१० नोव्हेंबर, सोमवार

शेवट आधी सुचला. भुजंगप्रयात वृत्त, मात्रा चोख :

जुन्या त्या दिसांची सुगंधी शिदोरी
मनाच्या कपाटी जपावी किती मी

हिला वाचून दाखवलं. ही म्हणाली, अहो, शिदोरी कपाटात ठेवली तर वास मारेल.

बाकीचं भाषण उद्या.

११ नोव्हेंबर, मंगळवार. दुपारी ३

झोप मोडली. कुठेतरी नळ गळतोय. टक टक टक टक. सवयीने मनगटावरच्या घड्याळात बघून मोजलं. मिनिटाला एकशे चाळीस. नळाच्या मानाने घाई जरा जास्तच.

१२ नोव्हेंबर, बुधवार

प्लंबर येऊन गेला. नळ ठणठणीत कोरडा. मी म्हटलं, पाइपला कान लावून बघ. त्याने लावला, पण पद्धत चुकीची. मी दाखवली : कान घट्ट, डोळे मिटलेले, एक हात नाडीवर. तो म्हणाला, काका, पाइपला नाडी नसते.

आजकालची मुलं हुशार आहेत, पण ऐकण्याचा सराव नाही.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

आवाजाचा उलगडा झाला. शाळेत मराठीचे गुरुजी कविता शिकवताना टेबलावर पट्टीने ठेका धरायचे. लघु, गुरू, गुरू. खिडकीतून तिरपं ऊन, खडूची धूळ, आणि आम्ही चाळीस पोरं एका सुरात डोलतोय. तोच ठेका मनातून वर आला असणार. कविमनाचं लक्षण.

फक्त एक अडचण. मिनिटाला एकशे चाळीस ठेक्यांनी म्हणता येईल असं वृत्त मला माहीत नाही. गुरुजींनाही नसावं.

भाषणात हे घ्यायचं : स्पिरिटचा वास, साय धरलेला चहा, छत्तीस-छत्तीस तास न काढलेले बूट. आणि मग ओल्या फडक्यातून फुटणारी ती रागावलेली पहिली किंकाळी. ती ऐकली की पायातला गोळा, सीनिअरच्या शिव्या, सगळं माफ. किती किंकाळ्या ऐकल्या, मोजदाद नाही. न आलेल्या मात्र मोजून सांगता येतात. (हे वाक्य भाषणात नको.)

मध्यभागी ट्रॉलीचा किस्सा. तो हमखास चालतो.

१६ नोव्हेंबर, रविवार

नात आली. चोवीस तासांची ड्युटी करून. जेवताना पानावरच डुलकी. हिने घास भरवला, तर डोळे न उघडता चावला.

उठल्यावर म्हणाली, आजोबा, एक विचारू? दार लावून घेतलं.

प्रकरण असं. प्रसूतीच्या बाईचा एक तक्ता असतो. पोटातल्या बाळाचे ठोके दर अर्ध्या तासाने मोजायचे आणि त्यावर एकेक ठिपका द्यायचा. मंगळवारी नातीच्या सीनिअरने तिला दुसऱ्या वॉर्डात पिटाळलं, ठोके मी बघतो म्हणाला, आणि बघितले नाहीत. ठिपके मागाहून एकदम भरले. बाळ जन्मलं ते निळं. अजून काचेच्या पेटीत आहे. आता विभागप्रमुख मॅडम विचारतायत, ठोके मोजले कुणी? सोमवारी, २४ तारखेला, लेखी जबाब द्यायचा. सीनिअर म्हणतो, तू मोजलेस असं लिही. तू फर्स्ट इयर, तुला ओरडतील आणि सोडून देतील. माझी दोन महिन्यांवर परीक्षा आहे.

विचारलं, आजोबा, तुम्ही काय केलं असतंत? खरं लिहू?

मी खिडकीबाहेर पाहिलं. खिडकीबाहेर काही नव्हतं. मग म्हणालो, बाळा, शनिवारी भाषणाला ये. तुला तुझं उत्तर तिथे मिळेल.

प्रभावी वाक्य. तिचा चेहरा उजळला.

दुपारी आवाज पुन्हा. एकशे वीस. मंदावतोय, म्हणजे बरं होतंय.

१७ नोव्हेंबर, सोमवार

ठरलं. भाषणात ट्रॉलीचा किस्सा पूर्ण सांगायचा. पंचेचाळीस वर्षं तो एक्स-रे खोलीत संपतो. या वेळी पुढे न्यायचा.

अत्यंत हलकं वाटतंय. छातीत जळजळ आहे, पण ती काकडीची.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

लिहायला बसलो. पेन्सिलींना टोकं केली. सतरा.

आमची तेव्हाची ज्युनिअर आठवली. तिला सगळे टाइमटेबल म्हणायचे. अर्धा तास झाला की झालाच, ही ठोके मोजायला हजर. पुढे तिने प्रसूती विभाग सोडला आणि त्वचेची डॉक्टर झाली. वेळेवर जेवण, रविवारी सुट्टी, पुरळ काही पहाटे तीनला बोलावत नाही. एका अर्थी माझ्यामुळे तिचं कल्याणच झालं. तिने कधी बोलून दाखवलं नाही, पण काही माणसं मुळात अबोल असतात.

२० नोव्हेंबर, गुरुवार. सकाळी ११

टाइमटेबलला फोन करायचं धाडस केलं. नंबर जुन्या बॅचच्या ग्रुपवर मिळाला.

म्हटलं, ओळखलंत का? म्हणाली, न ओळखायला काय झालं? ठोके मी बघतो, तू जा, असं म्हणाला होतात, तोच आवाज.

मी हवेबद्दल बोललो. तीही बोलली. मग गुडघे. मग मोतीबिंदू, तिचे दोन्ही झालेत, माझा एक. बारा मिनिटं छान गेली. ठेवता ठेवता म्हणाली, माझ्या भाचीने तुमचा ट्रॉलीचा किस्सा कुठल्याशा कार्यक्रमात ऐकला. पोट धरून हसली म्हणे. अजून एक्स-रेपर्यंतच सांगता ना?

म्हटलं, हो.

म्हणाली, बरं. आणि फोन ठेवला.

एकंदरीत मन मोकळं झालं. दोन्ही बाजूंनी.

हिने विचारलं, कुणाचा फोन? म्हटलं, राँग नंबर. ही म्हणाली, बारा मिनिटं?

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

उद्या कार्यक्रम. किस्स्याचा उरलेला भाग लिहून काढला. इथेही लिहितो, म्हणजे पाठ होईल.

ड्युटीचा तिसरा दिवस, दुपार. मी सेकंड इयर. टाइमटेबलला मीच रक्ताची बाटली आणायला पाठवलं. दोन मिनिटं पाठ टेकावी म्हणून बाहेरच्या ट्रॉलीवर पडलो, चादर डोक्यावरून ओढली. वॉर्डबॉय मामांनी पेशंट समजून ट्रॉली एक्स-रेला नेली. तिथे रांग होती, मी त्या रांगेत झोपलो. जाग आली ती टेक्निशियनच्या आवाजाने : मोठा श्वास घ्या, बाई, आणि रोखून धरा. मी रोखला.

इथे लोक हसतात.

धावत परत आलो. मध्ये एक तास पन्नास मिनिटं गेलेली. चार नंबरच्या खाटेवर बाई शांत पडून होती. पोटाला ऐकायचा कर्णा लावला. इकडे लावला, तिकडे लावला. काही नाही. मग मी खाली बसलो आणि तक्त्यावर ठिपके दिले. एकशे चाळीस. एकशे चव्वेचाळीस. एकशे चाळीस. एकशे छत्तीस.

बाई बघत होती. म्हणाली, काय काढताय?

म्हटलं, बाळाचे ठोके.

मान उंच करून तिने तक्ता पाहिला. म्हणाली, छान एका ओळीत आलेत.

मुलगी होती.

साहेबांनी विचारलं तेव्हा मी टाइमटेबलकडे पाहिलं. काही बोललो नाही, नुसतं पाहिलं. ती म्हणाली, मीच मोजत होते, सर. तिची टर्म सहा महिन्यांनी वाढली. ती पूर्ण करायला ती थांबली नाही.

बस. एवढंच आहे. मोठ्याने वाचलं तर दीड मिनिट. दोन ओळींची कविता धरून दोन.

आज आवाज नाही. अजिबात नाही. तीन वेळा कान देऊन ऐकलं.

२२ नोव्हेंबर, शनिवार. संध्याकाळी ६

भाषण उत्तम झालं.

कोट घातला, कागद खिशात. पहिल्या रांगेत मॅडम, तिसऱ्या रांगेत नात, मांडीवर वही उघडून. जणू लेक्चर लिहून घेणार होती.

सुरुवात केली : ड्युटीचा तिसरा दिवस होता. मागे बसलेले जुने लोक आधीच हसायला लागले. त्यांना पुढचं पाठ. मामा आले, ट्रॉली निघाली, एक्स-रे आला. श्वास रोखून धरा, बाई. सभागृह कोसळलं. मॅडमनी रुमालाने डोळे पुसले.

हशा ओसरेपर्यंत थांबायचं आणि मग पुढे जायचं, असं ठरलं होतं. थांबलो. पण हशा ओसरल्यावर टाळ्या सुरू झाल्या. टाळ्यांवर बोलणं बरं दिसत नाही. शिदोरीच्या ओळी म्हटल्या आणि बसलो.

नात खूप हसली. इतकं मोकळं हसताना तिला बऱ्याच महिन्यांनी पाहिलं. वही तिने मिटून ठेवली होती.

तिला उद्या बोलावून समोरासमोर सांगतो. ते जास्त परिणामकारक.

२३ नोव्हेंबर, रविवार

तिला ड्युटी. फोन लागला नाही. दोनदा लावला. म्हणजे एकदा लावला, एकदा हातात घेतला.

जबाब उद्या दुपारी आहे. सकाळी अवधी आहे.

२४ नोव्हेंबर, सोमवार

सकाळी दाताच्या डॉक्टरची वेळ होती. आधीच ठरलेली. रद्द करणं असभ्यपणाचं.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

नात संध्याकाळी आली. हातात मिठाईचा पुडा. म्हटलं, काय झालं? म्हणाली, सुटले एकदाची. लिहून दिलं, मीच मोजले. टर्म सहा महिन्यांनी वाढली, पण सीनिअर परीक्षेला बसेल. बाळ अजून पेटीतच आहे. त्याची आई रोज विचारते, डॉक्टर, तेव्हा ठोके बरे होते ना? मी हो म्हणते.

आणि म्हणाली, आजोबा, थँक्यू. शनिवारी तुमचं ऐकलं आणि डोक्यावरचं ओझंच उतरलं. मी उगाच काय काय मनाला लावून घेत होते. सगळ्यांकडून होतं हे, आणि मग त्याचा किस्सा होतो.

मी म्हणालो, बाळा, त्या किस्स्याचा पुढे…

तेवढ्यात लेक ऑफिसातून आली. मुलीचे सुजलेले डोळे पाहून दारातच चप्पल हातात घेऊन उभी राहिली. म्हणाली, काय गं झालं? कुणी काही बोललं का?

नात म्हणाली, काही नाही गं आई, बस तू. आजोबा, हिला तो ट्रॉलीचा सांगा ना. हिने कधी नीट ऐकलाच नाहीये.

दोघी समोर बसल्या. ही पण बसली.

सांगितला.