गुलाबच्या केळीच्या वाइनची गुप्त चौकशी

॥ श्री ॥

धुळे, सोमवार, २२ फेब्रुवारी १९९३

तीर्थरूप भाईदास नाना यांस,

सुकदेवचा साष्टांग नमस्कार. इकडे मी ठीक आहे (सर्दी सोडून, आणि ती सत्तारभाईच्या जीपची देणगी आहे, मूळची माझी नाही). तिकडे शिरपूरला आपला गुडघा, अक्काचा रक्तदाब आणि नवी व्यालेली म्हैस, तिघांची तब्येत बरी असेल अशी आशा करतो. गुडघ्याला आपण जे तेल लावता त्याच्या बाटलीवर कारखान्याचा पत्ता नाही, हे मी मागच्या खेपेला पाहून ठेवलं आहे. कृपया चौकशी करावी.

आता मुद्द्याचं. आपली लेक आणि माझी भाची चि. चंद्रकला हिच्यासाठी असोद्याहून जे स्थळ आलं आहे त्याची चौकशी करून मी काल परत आलो. मुलगा गुलाब, बी.एस्सी., घरची केळीची बाग, आणि धंदा काय, तर केळीपासून वाइन करणं. आपण मला निरोप धाडलात की दारू गाळणाऱ्याच्या घरात पोरगी द्यायची नाहीच, पण पोरगी तिथंच हट्ट धरून बसली आहे, तेव्हा सुकदेवनं जाऊन नकाराला एखादं सज्जड कारण घेऊन यावं. नाना, एखादंच का? तेहेतीस वर्षं मी परीक्षेच्या खोल्यांमधून पर्यवेक्षक म्हणून फिरलो आहे. पोरगं शिंकलं तरी रुमालात काय लिहिलंय ते मी आधी बघत असे. शिवाय माझ्या धाकट्या काकांना दारूनं पन्नाशी बघू दिली नाही, हे आपल्याला माहीत आहेच. तेव्हा या कामात माझ्याकडून हयगय होणं शक्यच नव्हतं.

पण थेट असोद्याला जाऊन "तुमचा मुलगा पितो का हो?" असं विचारलं, तर कोण हो म्हणणार? म्हणून मी वेषांतराची युक्ती काढली. मी झालो चिंधा बापू, साक्रीकडचे द्राक्ष बागायतदार, ज्यांना म्हातारपणी वाइनचा कारखाना टाकायची हौस आली आहे. असोद्याला कोणते प्रश्न विचारायचे ते कळावं म्हणून वाटेत आणखी दोन ठिकाणं बघायची ठरवली. सत्तारभाईला बरोबर घेतलं, कारण जीप त्याची आणि यंत्राबिंत्रातलं त्याला कळतं (पंप दुरुस्त करतो). तो थेंबभरही घेत नाही, मीही नाही. म्हणजे न पिणारे दोघे जण शनिवारी सकाळी खानदेशातल्या वाइन आणि बिअरी तपासायला निघालो. सत्तारभाईची बायको हसीनाबी हिनं आम्हाला डबा दिला आणि कुठं चाललात असं विचारलंच नाही. हे मला जरा खटकलंच.

पहिला मुक्काम धुळ्याबाहेर, भटू सुभेदारांच्या मळ्यात. हे गृहस्थ पलटणीतून निवृत्त झाल्यापासून ज्वारीची बिअर करतात. घरच्यापुरतीच, असं ते म्हणाले. आता त्यांच्या घरी माणसं दोन आणि पिंपं सहा. मी विचारलं, परवाना? तर म्हणे फाइल मुंबईला आहे. कधीपासून? तर म्हणे सत्याऐंशीपासून. पिंपांना कुलपं होती. कुणापासून लपवता असं विचारलं तर म्हणाले, बायकोपासून. हे उत्तर त्यांनी इतक्या पटकन दिलं की ते पाठ केलेलं असावं. त्यांनी आमच्यापुढे दोन पेले ठेवले. मी घशाचं निमित्त सांगितलं. सत्तारभाईनं पेला नाकाशी नेला, "मास्तर, सूंघनेमें काय गुन्हा नाही" म्हणाला आणि लगेच बाहेर जाऊन शिंकला. आणि सुभेदारांसमोर त्यानं मला मास्तर म्हटलं हे लक्षात घ्या. बागायतदाराला कुणी मास्तर म्हणतं का? बाहेर आल्यावर मी त्याला चांगलं झापलं. तो म्हणाला, खोटं बोलायची सवय नाही, चुकून खरं निघून जातं. असल्या माणसाला मी गुप्त कामावर नेलं होतं.

तिथून अमळनेर. तिथले पितांबर सर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवीत, आता बोराची वाइन करण्याच्या नादात आहेत. सफरचंदाची करतात तिला सायडर म्हणतात, असं त्यांनी मला सांगितलं. आपल्याकडे सफरचंद नाही पण बोरं उदंड, मग बोराची सायडर का नाही, असा त्यांचा सवाल. बरण्यांवर चिठ्ठ्या, चिठ्ठ्यांवर तारखा, सगळं जिथल्या तिथं. इतका नीटनेटकेपणा पाहून माझा संशय बळावलाच. मी आडून आडून असोद्याच्या गुलाबची गोष्ट काढली. सर म्हणाले, माझाच विद्यार्थी, हुशार, एकदाही कॉपी केली नाही. नाना, एकदाही नाही! मी तेहेतीस वर्षांत असा मुलगा पाहिला नाही, म्हणजे एकतर सर खोटं बोलतात किंवा पोरगा फार तयार आहे. सरांनी निघताना "चिंधा बापू, तुमची द्राक्षं कोणत्या जातीची?" असं विचारलं. मी म्हणालो, गोड. त्यानंतर ते माझ्याकडे ज्या नजरेनं पाहत राहिले, त्या नजरेनं मी मुलांकडे पाहत असे.

शनिवारी धरणगावात सत्तारभाईच्या मावशीकडे, आबेदाबींकडे, उतरलो आणि रविवारी सकाळी असोदा गाठलं. गुलाबचा कारखाना म्हणजे बागेच्या कडेला पत्र्याची एक लांब शेड. भिंतीवर परवाना चौकटीत लावलेला (मी तीनदा वाचला, तिन्ही वेळा खरा निघाला, पण चौकट नवी होती, नोंद घ्यावी). जीप थांबताच मुलगा पुढे आला आणि म्हणाला, "या मामा, प्रवासाचा त्रास नाही ना झाला?" आता आपल्याकडे परक्याला माणूस भाऊ म्हणेल, नाना म्हणेल, आबा म्हणेल. चिंधा बापूंना हा मामा का म्हणाला? मी सावध झालो. मी सांगितलं, मी द्राक्षवाला. तो "बरं" म्हणाला आणि हसला. नकाराला इथं एक कारण मिळालंच असं मी मनात धरलं, कारण विनाकारण हसणारा जावई घरात बरा नव्हे.

मग त्यानं सगळं दाखवलं. केळं कसं कुस्करतात, त्यात गुळाचं पाणी कुठं पडतं, पिंपं किती दिवस मिटून ठेवतात. सत्तारभाई तर पंपात डोकं घालून बसला आणि आपण कशासाठी आलो हे साफ विसरला. शेवटी मी खुंटा हलवून पाहावा म्हणून म्हणालो, चव घेऊन दाखवा. गुलाबनं नळीनं थोडी काढली, तोंडात घोळवली आणि बाजूच्या बादलीत थुंकून टाकली. दुसऱ्या पिंपातली, तीही थुंकली. तिसरीही. मी म्हणालो, पोटात का जात नाही? तर म्हणे कामाच्या वेळी नाही, आणि इतर वेळी आवडत नाही. नाना, आपल्याच हातचा माल जो थुंकतो त्याच्यावर भरवसा काय ठेवायचा? हे कारण मी पहिल्या नंबरावर लिहिलं होतं.

एवढ्यात त्याची आई द्रौपदाबाई ताट घेऊन आली. (बाईंचं माहेर आपल्या साक्रीकडचं, त्यामुळे बोली आपलीच. मला तर वाटलं माझी द्राक्षं आता उघडी पडणार.) ताटात गूळ आणि खोबरं. मी मागं सरकलो तशी म्हणाली, "भाऊ, हाई बठ्ठं घरनंच शे. ल्या, तोंड गोड करा." आता माझ्या जागी आपण असतात तर काय समजला असतात? अर्ध्या घटकेपूर्वी मुलगा सांगत होता की वाइनला गूळ लागतो. 'हे सगळं घरचंच' म्हणते, म्हणजे मला वाटलं, वापरतात त्या गुळाचा हा नमुना. गुळात भेसळ असली तर तेही एक कारण होईल, म्हणून मी खडा उचलून तोंडात टाकला. भेसळ नव्हती. पण मुलीकडच्या वडीलधाऱ्यानं मुलाच्या घरचा गूळ खाल्ला म्हणजे आपल्यात सोयरीक पक्की झाली असं धरतात, हे मी आपल्याला सांगायला नको. द्रौपदाबाईनं पदरानं डोळे पुसले, शेजारच्या कलाबाईला हाक मारली, कलाबाईनं आळीला हाक मारली, आणि मी तोंडातला गूळ गिळेपर्यंत माझ्या डोक्यावर टोपी, खांद्यावर टॉवेल आणि हातात नारळ होता. मी ओरडून सांगत होतो की मी साक्रीचा चिंधा बापू आहे. सत्तारभाई पंपातून डोकं काढून म्हणाला, "नाही हो, हे धुळ्याचे सुकदेव मास्तर, पोरीचे सख्खे मामा."

झालं ते असं झालं. नकाराची कारणं सोबत लिहून पाठवत आहे, एकूण नऊ आहेत. परंतु ती मंडळी येत्या रविवारी अकरा जण साखर घेऊन शिरपूरला येत आहेत. चुकून खाल्लेल्या गुळाचं आता काय करायचं ते आपण वडील आहात, आपणच ठरवावं. मी शब्द दिलेला नाही, फक्त गूळ खाल्ला आहे.

आपला,
सुकदेव

ता.क. — गुडघ्याचं तेल तूर्त बंद ठेवावं.

ता.क. (वेगळ्या कागदावर, फक्त अक्कासाठी. हा कागद सत्तारभाई तुझ्याच हातात देईल. तो हसला तर लक्ष देऊ नकोस.)

अक्का,

वरचं पत्र नाना मोठ्यानं वाचतील, म्हणून ते तसं लिहिलं. ते चिडले की माझ्यावर चिडतील, पोरीवर नाही, एवढी सोय मी केली आहे. आता खरं ऐक.

शेडमध्ये खिळ्याला एक वही टांगलेली होती. कोणत्या पिंपात काय घातलं, चव कशी आली, त्याची रोजची नोंद. मी गुलाबची पाठ वळताच ती उघडली. पहिली वीस पानं आपल्या चंद्रकलेच्या अक्षरात होती. चार वर्षं धुळ्याला माझ्याकडे राहून शिकली, तिचं अक्षर मी ओळखणार नाही? कुठं चुकतं आणि कसं सुधारायचं, सगळं तिनं त्याला लिहून दिलेलं. आणि शेवटच्या पानाला तिची नवी चिठ्ठी टाचलेली होती, "मामा चौकशीला येतील, काहीतरी सोंग घेऊन येतील. त्यांच्यापासून काही लपवू नकोस. ते सगळ्यांवर संशय घेतात, पण माझं वाईट त्यांनी कधी केलं नाही."

अक्का, मी ते दोनदा वाचलं आणि वही होती तशी खिळ्याला टांगली. काकांची आठवण माझ्याही मनातून जात नाही, पण हा मुलगा पीत नाही, खोटं बोलत नाही, आणि पोरीचं लिहिलेलं देवासारखं खिळ्याला टांगून ठेवतो. गूळ येण्याआधी मी ती वही वाचली होती.

तेव्हा तुला एकच काम. नानांना रविवारपर्यंत राजी कर. कसंही कर. माझ्याकडून गूळ चुकून खाल्ला गेला, असंच त्यांना सांगत राहा. पण तुझ्यापाशी खोटं बोलवत नाही म्हणून सांगतो. चुकून फार तर एक खडा खाल्ला जातो. दुसरा मी मागून घेतला.

सुकदेव