फुटायला हवा असा तारा

१४ नोव्हेंबर, शुक्र.
सईच्या शाळेतल्या स्पॅनिशच्या टीचर मिस लुसिया संध्याकाळी घरी आल्या. मूळच्या मेक्सिकोच्या. मी केलेला आकाशकंदील दिवाळीत सईने त्यांना दिला होता, त्यावरून काम घेऊन आल्या. शाळेत कल्चर डे आहे, त्यांना पिन्याटा हवाय. कागदी तारा, आत चॉकलेटं, मुलांनी डोळे बांधून काठीने फोडायचा. म्हटलं, म्हणजे आमची दहीहंडी. "नो, मिस्टर सुहास. तुमची तुमची, आमची आमची." बाई आवडल्या.
गेल्या वर्षी मॉलमधून गाढवाच्या आकाराचा आणला होता, त्याची अजून लाज वाटते म्हणे. आता आजी करायची तसाच हवा. टोकं सातच, ख्रिस्ती लोक मानतात त्या सात पापांची. प्रत्येकाला झिरमिळ्या. "सगळे विचारतात, आमच्याकडचे टाको खायला कधी आणणार. आणीन. आधी हे बघा म्हणावं."
कंदील मी कुणाकडे शिकलो नाही. हेही जमेल.

१९ नोव्हें., बुध.
फुग्यावर कागद आणि खळीचे थर. आजी आत मडकं घालायची, पण खापऱ्या लागतील म्हणून शाळेने नको सांगितलं. मग आकार धरणार कशाने? आतून बांबूच्या कामट्या बांधल्या. सौ. म्हणे, "अहो, तो फोडायचाय. त्यात राहायला जायचं नाहीये." दुर्लक्ष.
सातही टोकं एका मापाची. तपासली.

२८ नोव्हें., शुक्र.
कल्चर डे. मिस लुसिया भरतकामाच्या पांढऱ्या ब्लाउजमध्ये, वेणीत रिबिनी. तारा बघून डोळे पुसले. मुलांना गाणं शिकवलं होतं, ते संपेपर्यंत एकाची पाळी. बाकीची इथल्या अरबीत ओरडतायत, यल्ला यल्ला, चल चल.
अख्ख्या वर्गाची पाळी झाली. एक टोक वाकलं नाही. शेवटी पीटीचे सर आले, त्यांची काठी मोडली. "भाईसाब, इसमें लोहा डाला है क्या?"
बसेस सुटायची वेळ. मुलं तशीच गेली. सई : "बाबा, इट वॉज सपोज्ड टु ब्रेक." पापं फोडली की वरून आशीर्वाद पडतात, असं बाईंनी वर्गाला सांगून ठेवलेलं. काही पडलंच नाही. बाई हसत होत्या, पण...
काठी मोडली तेव्हा मला जरा बरंही वाटलं. खरं ते लिहितो.

२९ नोव्हें., शनि.
बाईंचा फोन. काल बसमध्ये चढताना पोरं विचारत होती, मिस, आमची पापं गेली नाहीत का? गुरुवारी, शाळेला हिवाळ्याची सुट्टी लागायच्या आधी, शेवटचा तास मिळालाय. त्यानंतर नाही. "मिस्टर सुहास, पहिल्याच मुलाला फुटला तर आजीला लाज वाटायची. कुणालाच फुटला नाही, असं मात्र तिच्या आयुष्यात झालं नाही." अर्धा वर्ग होईपर्यंत टिकायला हवा, मग फुटायला हवा.
हे माप कुठल्या टेपवर नाही.

३ डिसें., बुध.
आज मला सुट्टी. रविवारीच कामट्या काढल्या, थर कमी केले. सौ.ने लाटणं मारून बघितलं, एका फटक्यात चॉकलेटं बाल्कनीभर. तिला फार आनंद. परवा पुन्हा नवा केला, दोन थर वाढवून. हा आज वाळलाय. आता मारून बघता येत नाही.
खालचं एक टोक जरा मऊ लागतंय. एकच पट्टी चिकटवली तर? बाईंना फोटो पाठवून विचारलं. लगेच उत्तर आलं : "हात लावू नका. नाहीतर आजी स्वप्नात येऊन मला रागावेल." उत्तर स्पॅनिशमध्ये होतं, सईने आपल्या पद्धतीने मराठीत सांगितलं.
पट्टी कापून ठेवली आहे. लावलेली नाही.