मैनाचं जुनं दावं

दादा,

मैनाला घेऊन निडीला आत्याकडे चाललेय, गावभर शोधत फिरू नको. राजाला पाणी दाखवलंय. तुझ्या भाकऱ्या टोपल्यात झाकून ठेवल्यात, वालाची आमटी तेवढी गरम करून घे.

शनिवारची सहल तू छान आखलीस. धरणाच्या तलावाकाठी दोन रात्री तंबू, पाहुण्यांची पोरं आपल्या दोन्ही घोड्यांवर बसणार, म्हणून मीही खूश होते. पण वडखळचा तो पाहुणा काल मैनाचा जबडा उघडून दात बघत होता. कॅम्पिंगला येणारा माणूस संडास कुठे हाय ते विचारतो, घोडीचं वय नाय बघत.

आज सामान बांधायला घेतलं, तर परतीचा खुराक एकट्या राजाचाच भरलेला. पिशवीच्या तळाशी कोरं दावं, आणि मैनाचं रोजचं दावं सोडून तू खुंटीला अडकवलेलं. जनावर विकलं की त्याचं दावं आपल्या घरी ठेवायचं, हे बाबांनी मलाही शिकवलंय रे. तलावावरूनच तिला परस्पर पाठवायचा बेत होता ना? म्हणजे माझं रडणं नको.

जुनं दावं मी तिच्या गळ्यात परत बांधलंय. कोरं तुझ्या उशाशी ठेवलंय.

माझा संशय खोटा असेल तर आज दिवस मावळायच्या आत निडीला ये आणि आत्यासमोर मला हव्या तेवढ्या शिव्या दे. मी आत्याच्या ओटीवर बसून तुझी वाट बघत असेन. शिव्या खायला एवढी आतुर मी कधीच नव्हते.

ऋतुजा