मावशीने धुतलेले शिंपले

दि. ४ मार्च

चि. गोगलगाईस, मावशीचे अनेक आशीर्वाद.

मागल्या गॅलरीत तू टाकून गेलेली शिंपल्यांची दोन्ही पोती काल उपसली. घरात एवढा चिखल आणायला शिक्षण लागतं, हे ठाऊक नव्हतं. टबात भिजवून, जुन्या टूथब्रशने घासून सगळे चकचकीत केले आणि आकाराप्रमाणे कपाटावर मांडले. काका म्हणाले, आधी तिला विचार. चांगल्या कामाला काय विचारायचं? रविवारी तुझी खोली झाडून काढते.

लोभ आहेच, आता स्वच्छताही असू दे.
तुझी मावशी

दि. ९ मार्च

ती. मावशीस, सा. न. वि. वि.

पत्र वाचून जिन्यातच बसले. अगं, मी शिंपल्यांइतकाच चिखलही आणला होता. एका पोत्यात शांत तळाचा मऊ गाळ होता. त्यातले शिंपले तिथेच जगले, तिथेच मेले, म्हणून दोन्ही झाकणं मिटलेली. दुसऱ्यात भरड वाळू. तिथले लाटांनी कुठून कुठून आणून टाकलेले, सुटे, झिजलेले. कुठला शिंपला कुठल्या मातीतला, यावरच माझा प्रबंध उभा आहे. वीस तारखेला सर नमुने बघणार आणि पुरावा तू मोरीत सोडलास. रागावले नाही असं लिहिणार होते, पण रागावले आहे. एखादा न घासलेला राहिलाय का, बघ. माझ्या खोलीला तरी हात लावू नकोस.

लोभ असावा, तो धुऊ नये.
गोगलगाय

दि. १३ मार्च

चि. गोगलगाईस, आशीर्वाद.

माझं चुकलं. जेवणाचं ताट बाजूला सारून भिंग घेऊन बसले. मिटलेले शिंपले मी बाहेरूनच घासले होते. उघडायलाही गेले होते, लपवत नाही; चाकूचं टोक मोडलं. एकाला तडा होता, त्यात करडा गाळ ठासून भरलाय. सुट्यांच्या बिजागरीच्या खाचांत ब्रश पोचला नव्हता, तिथे वाळूचे दाणे अडकलेत. काका म्हणतात, हिचं काम जन्मात एकदा अर्धवट राहिलं आणि तेच कामी आलं. कापसात गुंडाळून सगळे पाठवतेय.

लोभ उरला असेल तर ठेव.
मावशी

दि. २१ मार्च

ती. मावशीस, सा. न. वि. वि.

सरांसमोर शिंपले फोडले. मिटलेल्यांच्या पोटात गाळ, सुट्यांच्या खाचांत वाळू. प्रबंध तरला. एक मिटलेला मात्र वाळूने भरलेला निघाला. सर म्हणाले, हा लाटांबरोबर वाहत आला, पण झाकणांची जोडी सुटली नाही. मला तू आणि काका आठवलात. आभारात तुलाही घेतलंय, कामाचं स्वरूप धुलाई. सुट्टीत येतेय. माझ्या खोलीचं काय केलंस?

लोभ वाढावा, ब्रश आवरावा.
गोगलगाय

दि. २७ मार्च

चि. गोगलगाईस, आशीर्वाद.

झाडू घेऊन दारापर्यंत गेले होते. टेबलावर धूळ, चावलेली पेन्सिल, पलंगाखाली एकटा मोजा. तशीच मागे फिरले. तू गेल्यापासून बाकीचं घर फार स्वच्छ असतं आणि मला ते आवडत नाही. इथे तू राहत होतीस याचा तेवढाच पुरावा आहे, तो मी हलवलेला नाही.

लोभ आहे, धुळीसकट.
मावशी