सूज उतरली, पण कशाने?

आई,

लांबूनच पाया पडते. मी मजेत आहे, वेळेवर जेवते, खोलीतला हीटरही दुरुस्त झालाय.

फक्त डोकं चक्रावलंय. जंतूंशी लढणाऱ्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींवर मी काम करते ना, त्यांना काचेच्या बशीत कमी मिठाच्या पाण्यात ठेवलं की त्या टम्म फुगतात. मग अंगावरची बारीक दारं उघडून आतलं मीठ बाहेर सोडतात, त्यामागे पाणी जातं आणि त्या पूर्वीसारख्या होतात. या वेळी मी औषध घालून ती दारंच बंद केली. त्या फुगलेल्याच राहायला हव्या होत्या, तरी बारीक झाल्या!

पाणी सोडायची त्यांची आणखी एखादी वाट सापडली असं वाटून मी नाचतच आमच्या प्रयोगशाळेच्या बाईंना सांगायला गेले. त्यांनी बशी बघून एवढंच विचारलं, "झाकण कुठाय?"

झाकण मी लावलंच नव्हतं गं! दुपारभर बशीतलं पाणी उडत राहिलं, उरलेलं खारट झालं आणि त्याने पेशींमधलं पाणी ओढून घेतलं असणार. म्हणजे त्या सावरल्या, की नुसत्या सुकल्या? मला काहीच कळेनासं झालंय. सगळं पहिल्यापासून करायचंय.

दादा म्हणाला, तुझ्या पायांची सूज उतरली. ऐकून बरं वाटलं. पण ती गोळ्यांनी उतरली ना? का तू जेवणच कमी केलंयस? फोनवर तू नेहमी "बरी आहे" एवढंच म्हणतेस.

खरं सांग आई, हातातल्या बांगड्या सैल झाल्यात का?

तुझी वेंधळी,
चिमी