आपाला न सांगितलेली वाट

अब्बा, तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली. घरात आपण दखनी बोलायचो, पण माझी शाळा मराठी. मनातलं मराठीतच लिहिता येतं. मागच्या आठवड्यात कोहिनूर गावची एक बाई मला शोधत मी शिकवते त्या शाळेत आली. हैदराबादला राहते, तुम्ही गेल्याचं तिला आत्ता कळलं. व्हरांड्यात उभी राहून म्हणाली, "काजीसाबामुळं सुटले मी. नवरा मारायचा अन् फारकतही देईना. काजीसाब म्हणले, त्याच्या मर्जीवर अडत न्हाई, कोर्टातून निकाह तोडता येतो, शरीअतलाही ते मान्य हाय. बीदरला वकिलाकडं स्वतः घेऊन गेले." मी एवढंच विचारलं, हे कधीचं? तुमच्या थोरल्या बहिणीच्या, आपाच्या लग्नाच्या आदल्या वर्षीचं, म्हणाली.

आपा तिसऱ्यांदा सासरहून राजेश्वरला आपल्या घरी परत आली तो दिवस मला लख्ख आठवतो. उजवं मनगट सुजलेलं, चुलीपुढं बसून ती डाव्या हातानं भाकरी थापतेय. "अब्बा, मेरेकू नक्को जाना. खुला दिला देव." खुला, म्हणजे बायकोनं मागून घ्यायची फारकत. तुम्ही दारातच उभे. "मर्द की मर्जी के बगैर खुला नै होता, बेटी." शेजारची लिंगायताची अक्का भिंतीवरून ओरडते, "काजीसाब, लेकीला परत कामून धाडायलाव? हात बघा की तिचा!" तुम्ही तिच्याकडं बघतही नाही. आपा उठते, हात धुते, बुरखा चढवते. सगळं गाव ज्यांना मसला, धर्माचा सवाल, विचारायला येतं, त्यांचा शब्द ती कसा खोटा मानणार?

इतकी वर्षं मी समजत होते, धर्मातच वाट नव्हती, त्याला तुम्ही तरी काय करणार. वाट होती. परक्या लेकीला दाखवलीत. काजीच्याच घरी लेक येऊन बसली, असं लोक म्हणतील याची भीती होती का? आपा अजून सासरी त्याच घरात आहे. नवरा अंथरुणाला खिळलाय, ती त्याला भरवते. फोनवर म्हणते, "अब्बा क्या करते, शरीअतच वैसी थी." मी दुसरंच काही विचारते. हा कागद तुम्हाला पोचणार नाही, आणि तिला दाखवायची माझी हिंमत नाही.

कारण त्या दिवशी तिला बसमध्ये बसवायला मीच गेले होते. खिडकीतून माझा हात धरून म्हणाली, "तू तो बोल अब्बा से." त्याच आठवड्यात मला बघायला पाहुणे यायचे होते, आणि नांदायचं सोडून आलेली बहीण त्यांच्या नजरेला पडू नये, असं मलाही वाटत होतं. मी "बोलती" म्हणाले. बोलले नाही.