लाल दोऱ्याच्या कुरडया

मुलुंड, एप्रिल. रविवार संध्याकाळ.

गहू वाऱ्याने आडवा लोळू नये म्हणून गावाकडे धाकट्या भावाने, यशवंतने, अर्ध्या रानात वाढ रोखणारं औषध फवारलं. मी नको म्हणत होतो. उभ्या पिकाला आवरणं ही देवाच्या कामात ढवळाढवळ वाटत होती. फवारलेल्या अर्ध्यात उतारा जास्त आला. गव्हात सत्त्व राहिलं का, एवढंच त्याला बघायचं होतं. म्हणून दोन्ही गव्हांच्या पिशव्या आमच्याकडे पाठवल्या, औषधाच्या गव्हाला लाल दोरा बांधून.

हिने कुरडयांसाठी दोन्ही गहू तीन दिवस भिजवले, चीक काढला. लाल दोऱ्याचा घट्ट बसला. त्याच्या कुरडया गच्चीवर पांढऱ्याशुभ्र वाळल्या, एकही तुटली नाही.

दुपारी यशवंतचा फोन. "दादा, खरं सांग. त्यावरच पुढच्या वर्षीचं ठरवतो."

"दोन्ही सारखेच," म्हणालो. का? माझं खोटं पडू नये म्हणून?

आत्ता दिवा लावायला बसलो तर हात पुढे होईना. तो लाल दोराच डोळ्यांसमोर. उठून फोन केला. "लाल दोऱ्याचाच चांगला निघाला रे."

तो हसला. "वहिनीने सकाळीच सांगितलंय. म्हटलं, दादा कधी कबूल होतोय बघू."

मग दिवा लावला. नैवेद्याला हिने लाल दोऱ्याचीच कुरडई तळून दिली.